न्यूयॉर्क, ऑक्सफर्ड, मुंबई की आपलं सोलापूर? छोट्या संस्थेनं कुठल्या टेबलावर जाऊन बसायचं

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला एका मैत्रिणीचा फोन आला. जुळे सोलापूरला राहते, तिची संस्था विडी कामगार बायकांच्या मुलींना दहावीपर्यंत शाळेत टिकवायचं काम करते, चार पगारी माणसं, बाकी सगळा कारभार पदरमोड करून चाललेला. म्हणाली, "अगं, बाहेरच्या एका मोठ्या कॉन्फरन्सला अप्लाय करू का? कंपन्या, सरकारवाले, संस्थावाले सगळे एका ठिकाणी भेटतात म्हणे. ट्रस्टी म्हणालेत दोन-अडीच लाख जाऊ देत, एकदा जाऊन ये." एका शब्दात हो किंवा नाही सांगण्यासारखी गोष्ट नव्हती ती, म्हणून उद्या बोलते म्हटलं आणि मग तीन दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्या-तुकड्यानं तिला लिहीत बसले. तेच सगळं इथं एकत्र करून टाकतेय, कारण गेल्या वर्षभरात हाच प्रश्न मला अजून तिघांनी विचारलाय, त्यातला एक तर पंढरपूरचा मुलगा होता ज्यानं संस्था रजिस्टर करून जेमतेम आठ महिने झाले होते.

माझं आधी सांगते म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. मीही सोलापुरात विडी कामगार बायकांच्या मुलींसाठी अभ्यासिका चालवते. परदेशातल्या अशा एका परिषदेला मी एकदा गेलेय, सगळा खर्च त्यांनीच केला होता म्हणून. मुंबईतल्या कार्यक्रमांना चार-पाच वेळा. आणि सोलापुरात कलेक्टर ऑफिस, महापालिका, अक्कलकोट रोड एमआयडीसी इथं किती वेळा चपला झिजवल्या त्याचा हिशोब नाही.

तर सगळ्यात जास्त नाव कानावर पडतं ते क्लिंटन ग्लोबल इनिशिएटिव्हचं, सीजीआय म्हणतात. बिल क्लिंटन यांनी 2005 ला सुरू केलं, सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला भरतं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेसाठी जगभरचे नेते तिथं आलेले असतात त्याच सुमाराला. 2016 नंतर वार्षिक बैठक बंद पडली होती, 2022 ला परत सुरू झाली. ह्यांची खासियत म्हणजे 'कमिटमेंट टू अ‍ॅक्शन'. नुसतं भाषण ठोकून खाली उतरायचं नाही, तर आम्ही अमुक काम, अमुक लोकांसाठी, अमुक मुदतीत करू आणि ते झालं की नाही हे मोजता येईल, असं जाहीर करायचं, आणि बऱ्याचदा त्यात एखादी कंपनी, एखादी संस्था, कुठं सरकारी खातं असे दोघं-तिघं मिळून उतरतात. ही पद्धत मला मनापासून आवडते आणि खाली परत ती येणारेय. पण एक गोष्ट नीट समजून घ्या, सीजीआय स्वतः ह्या कामांना पैसे देत नाही, गाठी घालून देतं. तिथं आलेली माणसं बहुतेक करून कोटींच्या हिशोबात बोलणारी, आणि आपण चाळीस मुलींची अभ्यासिका घेऊन गेलो तर आपलं काम कितीही चांगलं असलं तरी त्यांच्या मापात ते बसत नाही. त्यात त्यांचा दोष नाही आणि आपलाही नाही.

ऑक्सफर्डचं स्कोल वर्ल्ड फोरम वेगळं आहे. ईबे कंपनीचे पहिले अध्यक्ष जेफ स्कोल, त्यांच्या फाउंडेशनचं हे, 2004 पासून चालू आहे, वसंत ऋतूत म्हणजे साधारण एप्रिलच्या आसपास असतं. इथं देणाऱ्यांपेक्षा काम करणाऱ्यांना मान जास्त, म्हणजे ज्यांनी एखादा प्रश्न सोडवायची नवी पद्धत काढली आणि ती चार ठिकाणी चालवून दाखवली अशी माणसं. तुमचं काम एका वस्तीतून दुसऱ्या जिल्ह्यात, तिसऱ्या राज्यात जाण्यासारखं असेल तर इथं तुमचं ऐकून घेतील. आणि गेल्या काही वर्षांत बरीच सेशन्स ऑनलाइनही दाखवतात, तेव्हा तिकीट काढायच्या आधी घरी बसून दोन दिवस तीच बघा, हा माझा पहिला सल्ला, फुकटचा आहे म्हणून कमी समजू नका.

तिसरं एव्हीपीएन, सिंगापूरचं, 2011 ला सुरू झालेलं. ह्यांची मोठी परिषद दर वर्षी जागा बदलते, 2022 ला बाली, 2023 ला क्वालालंपूर, 2024 ला अबूधाबी, 2025 ला हाँगकाँग. हे मुळात देणाऱ्यांचं नेटवर्क आहे, फाउंडेशन, कंपन्यांचे सीएसआरवाले (म्हणजे कंपनीचा समाजकामाचा पैसा बघणारे), बँका, मोठी घराणी. आशियातली माणसं जास्त असल्यामुळं 'बायका घरात बसून तुकड्यावर मजुरी करतात' हे वाक्य तिथं समजावून सांगावं लागत नाही, इंडोनेशियातल्या, बांगलादेशातल्या माणसाला ते आधीच माहीत असतं. भारतीय कंपन्यांची माणसंही भेटतात, पण मग मनात येतं की मुंबईच्या माणसाला भेटायला हाँगकाँगला कशाला जायचं, आणि ते बरोबरच आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यावर हा निर्णय खरा अडतो, आणि जे माझ्या मैत्रिणीला कुणीच सांगितलं नव्हतं. समजा तुम्ही गेलात, तिथं एखाद्या परदेशी फाउंडेशनच्या बाईंना तुमचं काम पटलं, त्या म्हणाल्या उद्यापासून पैसे पाठवते. तर ते पैसे तुम्हाला घेता येतील का? एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी, नसेल तर नाही. एक रुपया पण नाही. परदेशी देणगी घ्यायची तर 2010 च्या त्या कायद्याखाली गृह मंत्रालयाकडं नोंदणी लागते, त्यासाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी पाहिजे आणि मागच्या तीन वर्षांत तुमच्या मूळ कामावर किमान 15 लाख रुपये खर्च झालेले पाहिजेत. 2020 ला कायदा अजून कडक झाला. पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच येणार, त्यातला 20 टक्क्यांच्या वर प्रशासनावर खर्च करता येणार नाही, आणि आलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला पुढं देता येणार नाही. हा शेवटचा मुद्दा छोट्या संस्थांना फार लागला, कारण आधी पुण्या-मुंबईची एखादी मोठी संस्था परदेशी पैसा घेऊन आपल्यासारख्यांना वाटून द्यायची, तो रस्ताच बंद झाला. एकाच ठराविक देणगीदाराकडून ठराविक कामासाठी पैसे घ्यायचे असतील तर पूर्वपरवानगीचा मार्ग आहे, पण तिथंही देणगीदाराचं लेखी पत्र, कागदपत्रं आणि थांबायची तयारी लागते.

म्हणजे एफसीआरए नसताना परदेशी परिषदेला निधी आणायला जाणं म्हणजे विहिरीला पाणी आहे पण आपल्याकडं पोहराच नाही असं आहे. मैत्रिणीकडं एफसीआरए नाही. तिला हे सांगितल्यावर ती दोन मिनिटं गप्पच झाली.

इथं एक बारीक फरक आहे तो लक्षात ठेवा. परदेशी नाव असलेली पण भारतात नोंदणी झालेली कंपनी आणि तिचा सीएसआरचा पैसा, हा बऱ्याचदा परदेशी देणगीत धरला जात नाही, 2016 ला तशी दुरुस्ती झालीय, परकीय गुंतवणुकीच्या मर्यादेत ती कंपनी बसत असली पाहिजे एवढंच. पण हे स्वतःच्या मनानं ठरवू नका, सीएला कागद दाखवून विचारा. तसंच परिषदवाले तुमचा प्रवासखर्च देणार असतील तर तिकीट आणि हॉटेल त्यांनीच थेट बुक करावं असं सांगा, ट्रस्टच्या खात्यावर बाहेरून पैसे मागवू नका.

मग परदेशी जाण्यात काहीच अर्थ नाही का? आहे. माझंच सांगते. मी गेले तेव्हा बरोबर आमच्या अभ्यासिकेचं हजेरीचं रजिस्टर घेऊन गेले होते, फाइल-बिइल काही नाही, साधी लांबट वही, पुठ्ठ्याचं कव्हर. त्यात मुलीच्या नावापुढं हजेरी आणि शेवटच्या रकान्यात 'आज किती विड्या' असं लिहिलेलं असायचं, म्हणजे अभ्यासिकेला यायच्या आधी तिनं आईबरोबर बसून किती विड्या वळल्या. दोनशे, तीनशे, सणाच्या आधी पाचशे. तीन दिवसांत मी जवळपास चाळीस लोकांना भेटले असेन, कार्ड दिलं, कार्ड घेतलं, प्रत्येकानं तुमच्या कामानं काय बदललं आणि एका मुलीमागं खर्च किती हे विचारलं आणि पुढच्या माणसाकडं वळला. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या रांगेत केनियाची एक बाई भेटली, चहाच्या मळ्यातल्या मजुरांच्या मुलांसाठी काम करणारी, ती त्या वहीत दहा मिनिटं डोकं खुपसून बसली. भाषा येत नव्हती तिला पण आकडे आणि गैरहजेरीच्या फुल्या कळत होत्या. मग तिनं मला विचारलं की ह्या फुल्या ठराविक दिवशीच का जास्त आहेत.

मी तीन वर्षं ती वही लिहीत होते आणि मला हे दिसलं नव्हतं. परत आल्यावर बसून ताडून बघितलं तर ज्या दिवशी आया कारखान्यात विड्या जमा करायला जातात, त्या दिवशी तिथं रांग, मोजणी, छाटणी ह्यात दुपार जाते, आणि घरच्या लहान भावंडाला सांभाळायला मोठी मुलगी घरी राहते. आम्ही त्या दिवशी लहान भावंडांनाही घेऊन या म्हणून सांगितलं, कोपऱ्यात एक सतरंजी टाकली, आणि हजेरी सुधारली. त्या परिषदेतून संस्थेला एक रुपया आला नाही, पण ही नजर आली आणि ती मला सोलापुरात कुणी दिली नसती, कारण इथं आम्ही सगळे त्याच गोष्टी रोज बघून बघून बघायचं थांबलेले असतो.

म्हणून मी म्हणते, बाहेर जायचं ते शिकायला जा, आणि ज्याचा खर्च दुसरा करतोय अशाच ठिकाणी जा. त्यांच्याकडं फेलोशिप, स्कॉलरशिप, प्रवासखर्चाची सोय असते का ते विचारा, विचारायला लाजू नका.

इथंच एक सावधगिरीची गोष्ट, जी आमच्या अंगाशी आलीय. काही वर्षांपूर्वी आम्हाला ईमेल आला, तुमच्या संस्थेची एका आंतरराष्ट्रीय पुरस्कारासाठी निवड झालीय, परिषदेत सन्मान होईल, फक्त नॉमिनेशन फी भरा. आम्ही अठरा हजार भरले. एका हॉटेलच्या हॉलमध्ये माझ्यासारखेच साठ-सत्तर जण, प्रत्येकाच्या हातात तीच ट्रॉफी, फोटोला दोन सेकंद. ते अठरा हजार एका रिटायर्ड शिक्षकांनी पुस्तकांसाठी दिलेले होते. मी नंतर त्यांना जाऊन खरं ते सांगितलं, ते काही बोलले नाहीत, पण मला अजून त्याचं लागून राहिलंय. तेव्हा जिथं निवड झालीय म्हणून आधी तुमच्याकडंच पैसे मागतात, तिथं पन्नास वेळा विचार करा. चांगल्या परिषदांनाही रजिस्ट्रेशन फी असते, पण ते तुम्ही कोण, काय काम करता हे आधी नीट विचारतात, आणि मागच्या वर्षी कोण आलं होतं ते सगळ्यांना बघता येतं. त्यातल्या दोन संस्थांना सरळ फोन लावून विचारा.

मुंबईकडं येते. आपल्यासाठी पहिलं मोठं टेबल हेच आहे असं माझं मत आहे. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री बसलं की सकाळी मुंबई, दिवसभर काम करून परत रात्रीची गाडी, एक दिवसाचा प्रश्न. दसरा ही संस्था 1999 पासून हेच करतेय, देणारे आणि काम करणारे ह्यांना समोरासमोर आणायचं, दरवर्षी त्यांचा फिलान्थ्रॉपीवर कार्यक्रम होतो, आणि रीबिल्ड इंडिया फंड म्हणून तळातल्या छोट्या संस्थांसाठी वेगळा निधीही त्यांनी उभा केलाय. मुंबईत भेटणारा पैसा बहुतेक देशातला, म्हणजे एफसीआरएचा अडसर नाही. पण तिथं वेगळे कागद लागतात. 12ए आणि 80जी ह्या आयकर सवलतीच्या नोंदण्या, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा नंबर, आणि सीएसआर घ्यायचा तर सीएसआर-1 ची नोंदणी, ती 1 एप्रिल 2021 पासून सक्तीची झालीय. त्यातही तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव बघतात. पंढरपूरच्या त्या मुलाला मी हेच सांगितलं, बाबा रे आठ महिन्यांत कुठंच जाऊ नको, काम कर, पावत्या नीट ठेव, ऑडिट वेळेत कर, तीन वर्षांनी तुझ्यासाठी चार दारं उघडी असतील.

मुंबईची मला खटकलेली गोष्ट म्हणजे भाषा. महाराष्ट्रातल्या संस्था, महाराष्ट्रातला प्रश्न, समोरचा माणूस पण बऱ्याचदा मराठीच, आणि सगळं इंग्रजीत. आमच्या अशोक चौकाकडच्या एक कार्यकर्त्या आहेत, घरी तेलुगू बोलतात, बाहेर मराठी, वस्तीतल्या प्रत्येक घरची माहिती तोंडपाठ, त्या एकदा माझ्याबरोबर आल्या होत्या. दिवसभर मागच्या खुर्चीवर बसून होत्या. गाडीत मला म्हणाल्या, "अक्का, मला सगळं कळलं की ओ, फक्त माझं कुणाला कळलं नाही." तेव्हापासून मी आयोजकांना आधीच लिहून कळवते की आमची माणसं मराठीत बोलतील आणि मी भाषांतर करेन. अजून कुणी नाही म्हटलेलं नाही. तुम्हीही करा.

आणि आता सोलापूर. आपल्याला वाटतं इथं काय ठेवलंय, सगळा पैसा तिकडं. पण कंपनी कायदा 2013 चं कलम 135 वाचा, एप्रिल 2014 पासून लागू आहे. ज्या कंपनीचं नेटवर्थ 500 कोटी किंवा उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के समाजकामावर खर्च करायचे, आणि जिथं कंपनीचं काम चालतं त्या भागाला प्राधान्य द्यायचं असं कायद्यातच लिहिलंय. सोलापूरजवळ एनटीपीसीचा वीज प्रकल्प आहे, बालाजी अमाइन्स आहे, प्रिसिजन कॅमशाफ्ट्स आहे. म्हणजे त्या प्राधान्याच्या भागात आपण बसतो, हाँगकाँगला जाऊन हे कुणाला पटवावं लागत नाही. त्याच कायद्याच्या शेड्युल सात मध्ये कुठली कामं बसतात ते वाचून त्या शब्दांत आपलं काम मांडा.

कायद्यात न बसणारे छोटे कारखानदारही आहेत, चादर-टॉवेलवाले, आणि त्यांच्याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय. एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या मालकांकडं मी तेच रजिस्टर घेऊन गेले. मागं लूमचा खडखडाट, त्यांना ओरडून बोलावं लागत होतं, मग त्यांनी ऑफिसचं दार लावून घेतलं आणि चहा मागवला. वही चाळली, चाळता चाळता एका नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हिची आई आमच्याकडं शिलाईला होती की." बस, त्यानंतर मला प्रेझेंटेशन द्यावं लागलं नाही. गोडाऊनशेजारची एक खोली दिली, ट्यूबलाइट बसवून दिल्या, दहा महिने एका शिक्षिकेचा पगार दिला. परदेशातल्या चाळीस कार्डांपैकी एकानंही ते बोट त्या नावावर ठेवलं नसतं, कारण त्यांना ते नाव माहीत असायचं कारणच नव्हतं.

पण सगळं गोड गोड सांगणार नाही. स्थानिक देणाऱ्यांना वह्यावाटप आवडतं, पगार द्यायला आवडत नाही. वर्षाच्या शेवटी मार्चमध्ये अचानक फोन येतो, आठ दिवसांत प्रस्ताव द्या. सरकारी बाजूला अधिकारी बदलला की सगळं पहिल्यापासून, एका कार्यालयात आमची साधी परवानगीची फाइल सात महिने पडून होती, नवीन साहेब आले आणि म्हणाले हे काय आहे, परत सांगा. आणि गावातल्या गावात एकमेकांना ओळखत असल्यामुळं कुणी कुणाला खरं विचारत नाही, तुमच्या कामानं नेमकं काय बदललं हा प्रश्न मला सोलापुरात फार कमी वेळा ऐकायला मिळालाय. परदेशात तो प्रत्येकानं विचारला होता. हा फरक मोठा आहे.

तरी तीन बाजूंनी मिळून काम करायचं म्हणतात ना, सरकार, बँक, लोकांची संघटना, ते सोलापुरानं बघितलेलं आहे. कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकर वसाहतीत 10 हजार घरं झाली. मग त्याच कुंभारीला रे नगर, असंघटित कामगारांसाठी 30 हजार घरांचा प्रकल्प, 9 जानेवारी 2019 ला पायाभरणी आणि 19 जानेवारी 2024 ला 15 हजार घरं दिली गेली. केंद्राचं अनुदान, राज्याचं अनुदान, कामगारांचा स्वतःचा हिस्सा, बँकेचं कर्ज, आणि मागं माजी आमदार नरसय्या आडम आणि कामगारांच्या संघटनेनं वर्षानुवर्षं केलेला पाठपुरावा. तुम्हाला त्यांचं राजकारण पटो न पटो, पण वळणारी, विणणारी, शिवणारी माणसं, बँक, राज्य आणि केंद्र एका कागदावर कशी आली हे शिकायचं असेल तर रिक्षा करून कुंभारीला जा आणि तिथल्या बायकांना विचारा, कुठला कागद कधी लागला, हप्ता कसा भरला. दोन तासांत जे कळेल ते तीन दिवसांच्या पॅनल चर्चेत कळणार नाही.

ट्रस्टी लोक एक मुद्दा नेहमी काढतात, की अगं आपल्याच भागातली माणसं जगात गेलीच ना. गेली, आणि मला त्याचा अभिमान आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी, 2020 चा ग्लोबल टीचर प्राइज, 10 लाख डॉलर, आणि त्यातले निम्मे त्यांनी इतर अंतिम स्पर्धकांना वाटून टाकले. शेजारी म्हसवडच्या, माणदेशी महिला बँक उभी करणाऱ्या चेतना सिन्हा, 2018 ला दावोसच्या वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या सहअध्यक्षांपैकी एक होत्या. पण क्रम बघा. डिसले गुरुजींचे क्यूआर कोड, मोबाइलनं स्कॅन केले की धडा ऐकता-बघता येतो ते, आधी जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पुस्तकावर लागले, राज्याच्या पुस्तकांत गेले, मग जगानं बघितलं. माणदेशी बँक 1997 ची, दावोस 2018, मध्ये एकवीस वर्षं. काम आधी गेलं, माणूस मागून गेला.

तर मैत्रिणीला मी शेवटी काय सांगितलं. एफसीआरए नाही आणि वर्षाचं बजेट वीस-पंचवीस लाखांच्या आत आहे, तर स्वतःचे अडीच लाख घालून परदेशी जायचं नाही, म्हणजे नाहीच. ते पैसे एका शिक्षिकेच्या वर्षभराच्या मानधनाएवढे आहेत. कुणी पूर्ण खर्च देत असेल तर डोळे झाकून जा, निधीची अपेक्षा न ठेवता, आपल्यासारखंच काम करणारी पाच माणसं शोधायला. एफसीआरए आहे, तीन वर्षांची नीट आकडेवारी आहे, तर पहिल्यांदा आशियातली परिषद, खर्च कमी आणि प्रश्न ओळखीचे. तुमची पद्धत दुसऱ्या जिल्ह्यांत चालू झालीय, तर ऑक्सफर्डला अर्ज करा. न्यूयॉर्क मी आपल्यातल्या कुठल्याच छोट्या संस्थेला सुचवणार नाही. पण हे वाचणारे तुम्ही देणाऱ्या बाजूचे असाल, कारखानदार किंवा एखाद्या कंपनीचं सीएसआर बघणारे, तर तुमच्यासाठी उलटं आहे, तुम्ही जरूर जा, खर्च तुम्हाला जड नाही, आणि येताना ती लेखी कमिटमेंटची सवय घेऊन या. सोलापुरातल्या दहा उद्योजकांनी जरी दरवर्षी गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास एकत्र बसून 'मी ह्या वर्षी अमुक वस्तीत अमुक करीन' असं कागदावर लिहून दिलं आणि पुढच्या यात्रेला तो कागद परत काढून बघितला तरी आमच्यासारख्यांची निम्मी धावपळ वाचेल.

आणि कुठंही जा, हातात एकच पान असू द्या. आम्हाला मदत हवी आहे असं त्यावर लिहू नका. अडतीस मुली, एक वर्ष, एका मुलीमागं एवढा खर्च, त्यातले एवढे आमच्याकडं आहेत, एवढे कमी पडतात, मागच्या वर्षी किती मुली गळाल्या आणि का गळाल्या, असं लिहा. गळालेल्यांचा आकडा लपवू नका, माझा अनुभव असा की त्याच आकड्यावर माणसं थांबतात आणि बोलायला लागतात.

परवा मैत्रिणीचा मेसेज आला. ट्रस्टींना पटलंय. सीएसआर-1 चे कागद घेऊन ती सोमवारी सीएकडं जातेय, आणि गुरुवारी चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात वेळ मिळालीय. विचारत होती, रजिस्टर मूळ न्यायचं की झेरॉक्स. मी म्हटलं मूळच ने.